चौथी सीट

देवकीला रिक्षा चालवता येत नव्हती, तेव्हाही रिक्षा कशी चालवावी हे तिला सगळं कळत होतं. आणि कळलेलं पोटात ठेवणारी ती बाई नव्हे. ब्रेक कुठे दाबावा, हॉर्न किती वेळा द्यावा, घोलवडच्या वळणावर गाडी कोणत्या गिअरमध्ये घ्यावी, हे तिने चिखल्यापासून बोर्डीपर्यंतच्या प्रत्येक ड्रायव्हरला ऐकवलं होतं. ड्रायव्हर मंडळी तिच्यामागे तिला ‘आरटीओ मावशी’ म्हणत. समोर आली की नुसतं ‘मावशी’.

तिला हा अधिकार मिळाला तो चौथ्या सीटमुळे. आपल्याकडची रिक्षा कागदावर तीन माणसांची. ती तीन मागे बसतात. पण तीन माणसांवर रिक्षा हलवणारा ड्रायव्हर अजून आपल्या किनाऱ्यावर जन्माला यायचा आहे. चौथं माणूस ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, त्याच्याच सीटच्या टोकावर बसतं. बसतं म्हणजे काय, अर्धं टेकतं. अर्धं अंग आत, अर्धं रस्त्यावर, एक हात वरच्या दांडीला, आणि समोरून ट्रक आला की तोंडात देवाचं नाव. देवकी तीस वर्षं त्या जागेवर बसली. मागे बसणाऱ्याला ड्रायव्हरची फक्त पाठ दिसते. देवकीला त्याचे हात दिसायचे, पाय दिसायचे, डुलकी आली की मिटणारे डोळेसुद्धा दिसायचे. मग ती कोपर मारायची.

ती चौथ्या सीटवर हौसेने बसत नव्हती. ती मासळी विकणारी. सकाळी होड्या लागल्या की चिखल्याच्या किनाऱ्यावर ओली मासळी घ्यायची आणि बोर्डीच्या बाजारात जाऊन बसायचं. आठवड्यातून एकदा तलासरीचा बाजार. आता ओल्या मासळीची टोपली म्हणजे चालती-बोलती भांडणाची सुरुवात. एसटीत चढली की कंडक्टर टोपलीकडे असं बघायचा की जणू तिकीट न काढता कोणीतरी तिसरंच माणूस चढलंय. सुके बोंबील चालायचे, ओले नाही. रिक्षावाल्यांचं तर विचारूच नका. मासळीवाल्या हात दाखवत उभ्या, आणि ते तोंड फिरवून सुसाट. नाहीतर एक वाक्य फेकायचे, “मावशी, दोन मिनटात परत येतो.” त्या दोन मिनटांची वाट बघून चिखल्याच्या बायका म्हाताऱ्या झाल्या. परत कोणी आलं नाही.

परत येणारा एकच, नारूदादा. त्याने रिक्षाच्या मागच्या कप्प्यात जाड ताडपत्री अंथरली होती. त्यावर पाच टोपल्या ओळीने बसायच्या, आणि पाणी बाहेर पडायला त्याने खाली भोकही पाडलं होतं. बोर्डीला पोचलं की तो बादलीभर पाण्याने गाडी धुवायचा आणि मग दिवसभर दुसरी गिऱ्हाइकं करायचा. वास काही जायचा नाही. कोणी नाकाला रुमाल लावला की नारूदादा म्हणायचा, “तुम्ही जेवता तेव्हा लावता काय रुमाल?” तीन बायका मागे, देवकी पुढे, आणि पाचवी रखमी. रखमी अंगाने बारीक, म्हणून ती मागच्या तिघींच्या मांड्यांवर. अशी पाच बायकांची ती वरात रोज सकाळी निघायची आणि देवकीचं भाषण सुरू व्हायचं.

तिची मतं तरी काय एकेक! तलासरीला हायवे रुंद झाला तेव्हा ती म्हणाली, “रस्ता मोठा केला, चांगलं केलं. आता पलीकडं जायचा पण एक रस्ता करा.” बुलेट ट्रेनचे खांब उभे राहिले तेव्हा सगळा बाजार माना वर करून बघत होता. देवकीने विचारलं, “ही आपल्याकडं थांबणार?” कोणीतरी म्हणालं, नाही. “मग ती गाडी नाही. आपल्यासाठी तो वाराच.” बोर्डीच्या समुद्रावर रविवारी मुंबईची मंडळी डोक्यावर टोपी अन् अंगाला चिकटलेले कपडे घालून सायकली हाणताना दिसायची. “आमचा बाप सायकलवरून मासळी न्यायचा तेव्हा त्याला लाज वाटायची,” ती सांगायची. “यांना बघ, यांना घाम गाळायला सुट्टी लागते.” पण शाळेच्या पोरी सायकलवरून ओळीने चालल्या की तीच नारूदादाला दटावायची, “हॉर्न नको मारू. घाबरून पडतील. थांब त्यांच्या मागं.” आणि नारूदादा निमूटपणे थांबायचा.

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी नारूदादा दिव्याचा खांब चुकवायला गेला आणि गाडी थेट चिकूच्या वाडीच्या कुंपणात घातली. कोणाला लागलं नाही. टोपली उलटली आणि कोलंबी रस्त्यावर पसरली, तेवढंच. पण देवकीने त्या सकाळी कोपर मारलं नव्हतं, कारण नारूदादाचे डोळे उघडेच होते. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि हळूच विचारलं, “दादा, तुला खांब दिसला नाही?”

“दिसला,” नारूदादा म्हणाला. “दोन दिसले.”

डॉक्टरने गाडी बंद करायला सांगितली. रिक्षा घोलवडला नारूदादाच्या घरामागे चिकूच्या झाडाखाली उभी राहिली आणि चिखल्याच्या पाच बायका रस्त्यावर. पहिल्या आठवड्यात त्या दोन दिवस चालत गेल्या, एक दिवस एका टेम्पोवाल्याच्या पाया पडल्या, आणि दोन दिवस बाजार उठायच्या वेळेला पोचल्या. ओली मासळी कोणासाठी थांबत नाही. दहा वाजले की तिचे डोळे पांढरे आणि गिऱ्हाइकाचं तोंड वाकडं. योगिता, त्यांच्यातली सगळ्यात लहान, लग्न होऊन वर्षही झालेलं नाही, ती म्हणाली, “मी कंपनीत जाते तारापूरला. निदान कंपनीची बस तरी येते न्यायला.”

ते ऐकून देवकी तडक घोलवडला गेली. नारूदादा ओट्यावर बसला होता. त्याची मुलगी वर्षा आत चहा करत होती.

“दादा, गाडी कोणाला तरी चालवायला दे. टोपल्या घेणाऱ्याला दे.”

“टोपल्या कोण घेणार?” नारूदादा म्हणाला. “जावई मागतोय. धनेश. उंबरगावला स्टेशनवर लावतो म्हणतो. त्याचं पण खरं आहे, त्याला पोट आहे.”

“अन् आम्ही?”

नारूदादा तिच्याकडे, म्हणजे दोन देवकींकडे, बघून हसला. “तीस वर्षं माझं डोकं खाल्लंस. इथं ब्रेक दाब, तिथं गिअर टाक. मग तूच चालव की! नाहीतर बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात.”

त्याने ते थट्टेत म्हटलं. देवकीने ते तसं घेतलं नाही. ती ओट्यावर बसली, चहा आला तो प्यायली, आणि कप खाली ठेवून म्हणाली, “कुठवर थांबशील?”

“शिमग्यापर्यंत,” नारूदादा म्हणाला. त्याचं हसू गेलं होतं. “शिमग्याच्या आधी डहाणूला आरटीओचा कॅम्प आहे. त्यात पास झालीस तर गाडी तुझ्या हातात. नाहीतर शिमगा झाला की धनेश घेऊन जाईल. मी त्याला शब्द दिलाय.”

बावन्न वर्षांची देवकी त्या दिवशी घरी गेली ती पोरीसारखी उड्या मारत. नवरा बोटीवरून चार दिवसांनी आला, त्याला सांगितलं. तो डोकं खाजवत म्हणाला, “होडी चालवणं सोपं. समोरून कोणी येत नाही.” एवढा त्याचा आशीर्वाद. कॉम्प्युटरवरची परीक्षा देऊन शिकाऊ लायसन मिळालं, त्यात तिचं एकच उत्तर चुकलं. रिक्षात किती माणसं बसवावीत, असा प्रश्न होता. तिने पाच लिहिलं.

शिकवायला जिग्नेश आला. तो सीमेपलीकडचा गुजराती माणूस, तलासरीत ड्रायव्हिंग शिकवायचा आणि दर बाजारी देवकीकडून मासळी घ्यायचा. घरी शाकाहार असल्यामुळे ती बाहेरच खायचा. हे देवकीने कधी कोणाला सांगितलं नाही, म्हणून तो तिला शिकवायला एका पायावर तयार झाला. वेवजीकडे जाणाऱ्या रिकाम्या रस्त्यावर नारूदादाच्याच रिक्षावर शिकवणी सुरू झाली.

आणि पहिल्याच दिवशी गंमत झाली. जिग्नेश म्हणाला, “बेसो, बेन.” देवकीने पदर खोचला, देवाला हात जोडले, आणि जाऊन बसली. सीटच्या डाव्या टोकावर. अर्धी आत, अर्धी बाहेर. डावा हात आपोआप वरच्या दांडीला गेला. मग तिघेही, म्हणजे जिग्नेश, देवकी आणि रिक्षा, ड्रायव्हर कधी येतो याची वाट बघत राहिले.

“अरे बेन, वचमां बेसो! मधे! मधे!”

देवकी स्वतःच खो खो हसली आणि मधे सरकली. गाडी सुरू केली. क्लच सोडला, गाडी हलली, अंगावर काटा आला! दुतर्फा पळसाची झाडं मागे चालली होती आणि ती चालवणारी होती. ती ओरडलीच, “चालली गो बाय, चालली!” शंभर पावलं गेली नाहीत तोच जिग्नेशने मागून बघितलं, तर बाई पुन्हा डाव्या टोकावर.

पंधरा दिवस हेच. बुद्धीला कळायचं, अंगाला कळायचं नाही. तीस वर्षं कोणी ‘सरका जरा’ म्हटलं की ती सरकत आली होती, आणि सरकायचं म्हणजे कडेलाच, दुसरी बाजू तिला माहीतच नव्हती. समोरून गाडी आली की सरकली. खड्डा आला की सरकली. उजवीकडे वळताना निभायचं. डावीकडे वळताना हँडलची उजवी मूठ पुढे जायची, हात पुरायचा नाही, आणि गाडी वळायच्या ऐवजी सरळ शेतात. शेताचा मालक चैत्या बांधावर बसून रोज बघायचा. तिसऱ्या दिवशी त्याने शांतपणे सांगितलं, “बाय, इथं वाट नाही. वाट तिकडं आहे.”

नाचता येईना अंगण वाकडं म्हणायची सोय नव्हती. जगभराच्या ड्रायव्हरांना शहाणपण शिकवलेलं. आता तेच ड्रायव्हर घोलवडच्या नाक्यावर विचारत, “मावशी, आज किती शेतं नांगरली?” ती हसण्यावारी न्यायची, पण घरी येऊन पाटावर मधोमध बसायचा सराव करायची. जेवताना मधे, कपडे धुताना मधे. एकदा तर ती लग्नाच्या पंगतीत मधोमध बसली आणि वराची आत्या रागावली.

उपाय रखमीने काढला. “तुझी टोपली ठेव की बाजूला,” ती म्हणाली. “टोपलीवर तर बसणार नाहीस?” देवकीने रिकामी टोपली सीटच्या डाव्या टोकाला सुतळीने बांधली. आणि काय सांगावं! टोपलीने जागा अडवली आणि बाई मधे राहिली. डावं वळण घेतलं ते असं, की चैत्याने बांधावरून टाळी वाजवली.

कॅम्पच्या दिवशी डहाणूच्या मैदानात ही गर्दी. मोटारसायकलवाले, टेम्पोवाले, बापाच्या कारमधून आलेली पोरं. बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि रिक्षा घेऊन आलेली एकटी देवकी. चिखल्याच्या चौघीजणी त्या दिवशी बाजार बुडवून आल्या होत्या आणि दोरीपलीकडे उभ्या होत्या. नारूदादाही आला होता, काळा चष्मा लावून. त्याला नीट काही दिसणार नव्हतं, पण तो म्हणाला, “मला गाडीचा आवाज कळतो.” शेजारी धनेश उभा होता, अगदी सभ्यपणे, हात मागे बांधून. गाडीची चावी कोणाच्या खिशात जाणार ते आज ठरणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तपासणारे साहेब तरुण होते, कपाळाला आठ्या घातलेले. ते रिक्षाजवळ आले आणि वाकले. “हे काय आहे?”

“टोपली, साहेब.”

“ते दिसतंय. इथं का बांधली?”

“ही नसली की मी तिथं जाऊन बसते, साहेब.”

साहेबांना यातलं काही कळलं नाही. कळायला तीस वर्षं चौथ्या सीटवर बसावं लागतं. “काढा ती,” ते म्हणाले. “त्या कोनमधून इंग्रजी आठचा आकार काढायचा. पाय टेकला, कोन पडला, की नापास.”

देवकीने सुतळी सोडली. गाठ सुटेना, शेवटी दातांनी ओढली. टोपली तिने दोरीपलीकडे रखमीच्या हातात दिली. मग येऊन मधे बसली आणि डावीकडची ती रिकामी टीचभर जागा तिच्याकडे बघत राहिली. छातीत धडधड अशी, की इंजिन आधीच सुरू झालंय असं वाटावं.

गाडी निघाली. आठचा पहिला गोल उजवीकडचा. तो तिने असा घेतला की नारूदादा आवाज ऐकूनच म्हणाला, “बरोबर दुसऱ्या गिअरला आहे.” मग गाडी मधल्या चिंचोळ्या जागेतून डाव्या गोलाकडे वळली. समोर लाल कोन आला, आणि देवकीला कळलं की ती सरकतेय. मांडी गेली, कंबर निघाली, उजवा हात ताणला गेला, आणि कोन हातभर अंतरावर.

“देवकी, सरक!” रखमी डोक्यावर टोपली धरून दोरीपलीकडून किंचाळली. “मधी सरक गो! ती जागा तुझी हाय!”

मग चौघीही ओरडल्या. “सरक! सरक!” सगळं मैदान बघायला लागलं. मोटारसायकलवाली पोरंही काही न कळता ओरडू लागली. तीस वर्षांत देवकी पहिल्यांदा सरकली ती आतल्या बाजूला. अंगातली सगळी ताकद लावून, सीटच्या मधोमध, घट्ट. हात पुरला. मूठ वळली. चाक कोनाला घासून गेलं, कोन डुलला, डुलला, डुलला...

पडला नाही.

बायकांनी जो गलका केला तो बंदरापर्यंत गेला असेल. रखमी टोपली वाजवत नाचत होती. देवकी गाडी थांबवून, हँडब्रेक ओढून, न विसरता गाडी न्यूट्रलला टाकून, मग रडायला लागली. आनंदानेच, भरभरून, पदराने नाक पुसत. साहेबांच्या आठ्या जरा सैल झाल्या. ते कागदावर लिहिता लिहिता म्हणाले, “मावशी, चालवता चांगलं. फक्त बसता विचित्र.”

धनेशने स्वतः गाडीला लावलेली चावी काढली आणि सासऱ्याच्या हातात दिली. नारूदादाने ती चाचपून बघितली आणि देवकीच्या तळहातावर ठेवली. “आता मला चौथी सीट,” तो म्हणाला. “आता मी तुझं डोकं खाणार.”

कागदपत्रं, बॅज, खाकी कुडता, सगळं हातात यायला आणखी महिना गेला. शिमगा होऊन गेला. मग एका सकाळी, होड्या लागल्यावर, चिखल्याच्या रस्त्यावर नारूदादाची रिक्षा येऊन उभी राहिली. साडीवर खाकी कुडता घातलेली देवकी मधोमध बसलेली. पुढच्या काचेला झेंडूची माळ, मागे नवी ताडपत्री. चौघींनी टोपल्या आत लावल्या. देवकीची टोपली त्या दिवसापासून रखमीच विकणार होती. तिघी मागे बसल्या. रखमी सवयीने त्यांच्या मांड्यांवर चढायला लागली, पण योगिता म्हणाली, “थांब मावशी, तू मागं नीट बस, मी पुढं जाते.” आणि ती हसत हसत पुढे आली, डाव्या टोकावर अर्धी टेकली आणि तिने वरची दांडी पकडली. अगदी देवकी पकडायची तशी.

देवकीने गाडी सुरू केली नाही.

“उतर,” ती म्हणाली.

“का गो मावशी?”

“इथं कोणी बसायचं नाही.”

“मग मी कुठं बसू? मागं तिघी झाल्या.”

“तू थांब. मी यांना सोडून परत येते.”

मागच्या तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या. परत येते! हे वाक्य त्या रस्त्यावर किती तोंडांतून ऐकलं होतं, त्याची गणती नाही. योगिताचं तोंड पडलं. नवीन ड्रायव्हरसुद्धा जुन्याच जातीचा निघाला, असं तिला वाटलं असणार. “मावशी, मी तेवढी मावते,” ती काकुळतीला येऊन म्हणाली. “मला पडायची भीती नाही वाटत.”

“मला पण वाटत नव्हती,” देवकी म्हणाली. “पण तिथं बसायची सवय लागली की माणसाला मधी बसता येत नाही. मला विचार. उतर, बाय.”

योगिता उतरली आणि टोपलीशिवाय, रिकाम्या हाताने, रस्त्याकडेच्या दगडावर जाऊन बसली. रिक्षा सुरूच्या झाडांतून वळली, घोलवडच्या दिशेने गेली आणि आवाजही ऐकू येईनासा झाला. दोन रिक्षा गेल्या. दोघांनीही तिच्याकडे बघितलं नाही. एक एसटी गेली. पाऊण तास झाला. योगिता उठली, पदर झटकला आणि घराकडे चालायला लागली.

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. एकदाच, हळू, शाळेच्या पोरी घाबरू नयेत असा.

योगिताने वळून बघितलं. रिकामी रिक्षा, मधे देवकी, घामाने डबडबलेली, तोंडभर हसणारी. योगिता धावतच आली आणि तिने पुन्हा पुढच्या दांडीला हात घातला. देवकीने नुसती मान हलवून मागे बोट दाखवलं. मागची अख्खी सीट रिकामी होती. योगिता आत चढली, आधी कडेला बसली, मग देवकीने आरशात बघितलं तेव्हा हळूच मधोमध सरकली.

“बसलीस काय?” देवकीने विचारलं.

“बसले.”

आणि गाडी निघाली.